मेज, खोली, कचेरी

मधुमिताची फ्रेंचची तोंडी परीक्षा गुरुवारी दहाला लॅपटॉपवर होती. एका फ्रेंच शब्दाचा उगम आणि त्याचे अर्थ उदाहरणासह सांगायचे. तिनं ‘ब्युरो’ निवडला आणि सोमवारी, सरावासाठी, मेलकावेरी गावातल्या आपल्या घरातल्या एकुलत्या एका मेजावर घोंगडी पसरली. मेज जेवणाचं होतं.

“अप्पा, ब्युरो म्हणजे आधी असलंच जाडंभरडं लोकरी कापड. मेजावर घालायचे. मग मेजालाच ब्युरो म्हणू लागले, मग मेजाच्या खोलीला, शेवटी अख्ख्या कचेरीला.”

सेतुरामांना तालुका कचेरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. “बैसून पाहू?” त्यांनी विचारलं.

बसले. तासाभरात घोंगडीवर टाचण्या आल्या, शाईचं पॅड आलं. शेजारचे महालिंग कढीपत्ता मागायला आले होते. मेज पाहून त्यांनी चपला काढल्या आणि रेशनकार्डाचा अर्ज लिहून मागितला.

“उद्या येवा,” सेतुराम सवयीनं म्हणाले.

मंगळवारी महालिंग स्वामीमलैच्या मेहुण्यालाही घेऊन आले. बुधवारी ओसरीवर बाक पडला, खोलीला पडदा लागला. त्यांची बायको सरस्वती सांबाराचं पातेलं घेऊन आत शिरली.

“काय काम आहे?”

“जेवण!”

“ठेवा. पाहतो.”

गुरुवारी साडेनऊला मधुमिता दारात उभी राहिली. “अप्पा, मेज पाहिजे. नापास झाले तर हातातली नोकरी जाईल.”

“पुढे सात जण आहेत, बाळ.”

“मी तुमची लेक!”

“इथं वशिला चालत नाही.”

शेवटी परीक्षा स्वयंपाकघरात झाली, लॅपटॉप ग्राइंडरच्या झाकणावर. पुदुच्चेरीच्या परीक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “पाठ छान आहे. पण उदाहरण कुठंय?”

मधुमितानं लॅपटॉप उचलला, पडदा सारला. घोंगडी, मेज, खोली, रांग. मधोमध सेतुराम, चष्म्यावरून बघत: “हं, पुढचे कोण?”

बाई “उत्तीर्ण” म्हणाल्या आणि एकदम आवाज खाली आणून तमिळमध्ये विचारलं, “माझे वडील जूनमध्ये निवृत्त झाले. दिवसभर घरात डबे उघडून बघतात. तुमच्या कचेरीत एखादी जागा आहे का?”

मधुमिता उत्तर जुळवेपर्यंत सरस्वती कॅमेऱ्यापुढे आली.

“जागा नाही. पाहिजे तर आमच्या साहेबांचीच तिकडे बदली करते. मेज मात्र इथंच राहील.”