अश्रूंअभावी परत

चित्रपटविद्येच्या अंतिम वर्षातील एका विद्यार्थिनीने 'पडद्यावरील स्त्री' या विषयावर लघुपट केला आणि पदवीप्राप्त्यर्थ तो परीक्षण समितीपुढे सविनय सादर केला. पडद्यावरची स्त्री एकतर चुलीपाशी आढळते नाहीतर संकटात, असा तिचा अभ्यासान्ती ग्रह झाला होता. म्हणून तिने आपल्या सख्ख्या आत्याचे चित्रण केले. आत्या लिफ्ट दुरुस्त करीत असे. लघुपटात ती एक अडकलेली लिफ्ट उघडते, तारदोर तपासते, यंत्र चालू करते, हात पुसते आणि घरी जाते. इतकेच.

समितीच्या अध्यक्षांनी स्त्रीमनावर ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या उजवीकडे पटकथेचे प्राध्यापक बसत आणि डावीकडे स्त्रीसन्मान विभागाच्या मॅडम. दिवे लागले तरी तिघेही पडद्याकडे पाहत राहिले.

"संपलं?" अध्यक्षांनी विचारले.

"हो, सर."

"बाई रडली कधी?"

"रडली नाही, सर. लिफ्ट सुरू झाली ना!"

मॅडमनी वात्सल्याने तिच्याकडे पाहिले. "अगं, पण मग ती बाई आहे हे लोकांना कळायचं कसं?"

नियम स्पष्ट होता. ज्या चित्रकृतीत स्त्रीपात्राचे अश्रू दृग्गोचर होत नाहीत, ती स्त्रीविषयक वर्गात धरता येत नाही. सबब लघुपट यंत्रविभागाकडे वर्ग करण्यात आला. यंत्रविभागाने तो तत्परतेने परत धाडला: यंत्र उत्तम आहे, परंतु मध्ये सतत एक बाई येते.

पदवी अडली. विद्यार्थिनी आत्याकडे गेली.

"आत्या, कॅमेऱ्यासमोर एकदाच रडशील?"

"का गं? कोण गेलं?"

"कुणी नाही. माझ्या पदवीसाठी."

"मग तूच रड की! पदवी तुझी, डोळे माझे, हा कुठला न्याय?"

निरुपायाने एक अभिनेत्री आणली गेली. ती अप्रतिम रडली. तेव्हा प्राध्यापकांनी शास्त्रशुद्ध शंका काढली, की कार्य आहे तेथे कारण हवे. कारण म्हणून नवरा घालण्यात आला. सज्जन नवरा रडण्यास पुरेना, म्हणून त्यास व्यसन लावण्यात आले. त्यावर मॅडम कळवळल्या, "इतकी गांजलेली बाई लिफ्ट कशी दुरुस्त करील? हात थरथरतील बिचारीचे!" तस्मात हत्यारे एका रुंद खांद्यांच्या तरुणाकडे सोपविण्यात आली. आता बाईस काही काम उरेना. तिला बंद पडलेल्या लिफ्टमध्ये ठेवण्यात आले. तरुण दार उघडतो, ती बाहेर येते, केस भुरभुरतात.

"पण सर, लिफ्टमध्ये वारा कुठून येईल?"

"वारा अंतःकरणातून येतो, बाळ," अध्यक्ष म्हणाले.

लघुपटास 'स्त्रीश्रमांचे निर्भय दर्शन' म्हणून सुवर्णपदक प्राप्त झाले. समारंभास आत्या कामावरून तशीच आली आणि मागच्या रांगेत बसली. लघुपट संपताच अवघे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पदक घेऊन भाची धावत मागे आली.

"छान झालंय हो," आत्या म्हणाली. "यात मी कुठे होते?"

"शेवटी, आत्या. आभारात तुझंच नाव पहिलं आहे."

"असेल. लोक उभे होते ना पुढे, दिसलं नाही. पदवी मिळाली ना पण?"

"मिळाली."

"मग झालं तर. येते मी."

भाची पदक मुठीत धरून उभी राहिली. छायाचित्रकार तिला पुन्हापुन्हा सांगत होता, "ताई, जरा डोळ्यांत पाणी आणा ना."

पायऱ्या उतरताना आत्याच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या किंवा कसे, याची नोंद येथे केलेली नाही. ते कळल्यावाचून कथा अपुरी राहते, असे ज्या सहृदय वाचकांस वाटत असेल, त्यांनी कृपया समितीच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. मॅडमना बढती मिळाल्याने तेथे एक आसन रिक्त आहे. मुलाखत घेतली जाणार नाही. पात्रता आताच सिद्ध झाली.