रामटेके काकांचं बारा व्होल्टचं सॉकेट

शहापूरला आमच्या शेजारी राहणारे रामटेके काका कुणाच्याही घरी गेले की आधी हाताची मागची बाजू स्विचबोर्डला लावून बघतात, मग चहा घेतात. तळहात का लावत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. "करंट असला त तळहात मूठ आवळते अन् माणूस चिपकते," ते म्हणाले. "मांगून लावला त हात सुटते."

हे शास्त्र त्यांनी सगळीकडे लागू केलंय. टीव्ही, मिक्सर, उभ्या एसटीचं बॉनेट, काहीच सुटत नाही. माझ्या लग्नात ते मांडवातल्या लायटिंगच्या वायरीला हात लावत फिरत होते. मुलीकडच्यांना वाटलं, हेच इलेक्ट्रिशियन. जेवायला बसले तेव्हा पंगत उठली होती. "वायर तापली त?" हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनीत फायलींनाही त्यांनी तो विचारला असेल.

निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची एक जुनी व्हॅन विकत घेतली. मागच्या सीटा काढून फळीचा पलंग ठोकला, खिडक्यांना शांताकाकूंच्या साडीचे पडदे लावले, पलंगाखाली वेगळी बॅटरी बसवली. शेगडी ठेवली नाही, कारण भडकली त? गावानं गाडीला 'फिरतं घर' असं नाव दिलं. ते घर अंगणातून हलत मात्र नव्हतं. अडलं होतं एका सॉकेटवर. मोबाइल चार्ज करायला गाडीत पुढे असतं ना, तसलं बारा व्होल्टचं सॉकेट काकांना पलंगाच्या उशाशी हवं होतं.

हायवेवरच्या रशीदला बोलावलं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात चांगला. त्यानं आत डोकावून सांगितलं, "काका, धा मिन्टाचं काम हाय. हॉर्नच्या वायरीले जोड मारून देतो."

"हॉर्नची वायर हॉर्नापुरती असते. तिच्यावर जास्त लोड आला अन् तापली त?"

"नाही तापत जी."

"तू राहशीन दुकानात. तापन ते माह्या गाडीत."

रशीदनं पक्कड खिशात घातली. मग एका रविवारी ते काम काकांनी आणि मीच काढलं. मी म्हणजे वाळूची बादली धरून उभा राहणारा.

काकांनी बॅटरीची काळी वायर आधी सोडली. लाल आधी सोडली आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते, असं त्यांनी मला तीनदा बजावलं. बॅटरीपासून थेट नवी, जाड वायर ओढली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूजचा होल्डर लावला.

"सॉकेटपाशी लावा ना काका. बदलायला सोपा."

"मंग मधातल्या वायरीचा राखणदार कोण?"

वायर पत्र्यातून जात होती त्या भोकात त्यांनी रबराची कडी बसवली, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. लाल वायर सॉकेटच्या मधल्या टोकाला, काळी बाजूच्या. मग बॅटरीची काळी वायर परत जोडली आणि होल्डरमध्ये फ्यूज सगळ्यात शेवटी घातला. मीटरनं बारा दाखवले तेव्हा मी बादली खाली ठेवली. "उचल," काका म्हणाले. छोटा दिवा लावून ते बराच वेळ वायरीला हात लावत बसले. वायर थंड होती.

मग काढलेली फळी परत पलंगाला ठोकली, स्क्रू आवळले आणि पुन्हा दिवा लावला. लागला नाही.

फ्यूज उडाला होता. फळी उघडली तर एक स्क्रू वायरीत घुसून पत्र्याला टेकलेला. जळका वास नाही, कुठं काळं पडलेलं नाही. मला बरंच वाटलं. "बघा काका, फ्यूजनं आपलं काम केलं."

काका मात्र पांढरे पडले होते. ते गाडीच्या पायरीवर बसले. "अन् फ्यूज नसता त?"

"पण होता ना."

"शांता इथंच झोपन, सुधीर. मशीन लावून."

तेव्हा मला ते सॉकेट कशासाठी आहे ते कळलं. काकूंना दमा आहे. वाफेची मशीन लावल्याशिवाय अटॅक आवरत नाही. काही वर्षांपूर्वी त्या माहेरी, बपेऱ्याला असताना दम लागला आणि गावातली लाइन गेली. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून काकांनी त्यांना तुमसरला नेलं. त्यानंतर काकू माहेरी गेल्या नव्हत्या.

"शांता म्हणे, जीव चालला जी," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "अन् मी तिले पदरानं वारा घालून राहिलो होतो. नुसता वारा."

दुसरी वायर प्लॅस्टिकच्या नळीतून, स्क्रूंपासून लांब नेली. नवा फ्यूज घातला. बारा व्होल्टवर चालणारी नवी मशीन त्यावर चालली. काका वायरीभर हात फिरवत राहिले. आठवडाभर रोज हेच.

शेवटी आम्ही निघालो. काकू पुढे, मी मागे मशीन मांडीवर घेऊन. मोहाडीला काकांनी गाडी थांबवून सॉकेट तपासलं, तुमसरला परत. सिहोऱ्याला थांबवली तेव्हा काकू म्हणाल्या, "अजी, वायर थंडी हाय. तुमीच तापून राहिले."

बपेऱ्याला भावाच्या अंगणात बायांनी काकूंना घेरलं. काकू हसल्या, पोटभर जेवल्या, धानाच्या बांध्यांपर्यंत चालून आल्या. काका काही अंतर ठेवून मागेमागे. "दम लागला का?" "नाही जी." थोड्या वेळानं पुन्हा, "लागला का?" ताटावरूनही ते अर्धवट उठले आणि गाडीपाशी जाऊन उभे राहिले. सॉकेटची गरज कुणालाच नव्हती.

दुपारी काकू आपणहून गाडीत आल्या. "लावा जी मशीन. थोडंसं वाटून राहिलं."

काकांनी आधी वायरीवरून एकदा हात फिरवला. पिन बसली, मशीन घरघरली, मास्कमधून वाफ यायला लागली. काका पलंगावर त्यांच्या शेजारी टेकले आणि तो आवाज ऐकत राहिले. बघता बघता त्यांची मान पडद्याला टेकली. ते गाढ झोपले होते.

औषध संपलं, वाफ थांबली. मी मशीन बंद करायला हात पुढे केला तर काकूंनी मनगट धरलं आणि मास्क जरा बाजूला केला.

"राहू दे. मले काही नाही झालं."

"मग?"

"आवाज बंद झाला का हे उठते. घरी बी असंच. मशीन वाजते तोवर यांले वाटते, मी हावो."

अंगणातून भावजय चहाला हाक मारायला लागली. काकूंनी हातानंच तिला गप्प केलं, कोरडा मास्क पुन्हा तोंडावर धरला आणि काकांना हलू न देता खांदा त्यांच्या डोक्याखाली सरकवला.