दादाने लावलेली शिस्त

"आज संध्याकाळपर्यंत या ऑफिसात एक जरी वायर लोंबकळताना दिसली, तर मला दादा म्हणू नका!"

अशी गर्जना करून दादा टेबलाखाली शिरला. ऑफिस त्याच्या धाकट्या बहिणीचं. ती आर्किटेक्ट, दादा व्यवस्थापक. व्यवस्थापनाचं काम सकाळीच आटोपायचं आणि उरलेला दिवस दादाला खायला उठायचा. स्वस्थ बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं!

त्यातून आज ऑफिसात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका मोठ्या दवाखान्याचे नकाशे पाचच्या आत इंटरनेटवरून पाठवायचे होते. ते गेले नाहीत तर काम दुसऱ्याच्या घशात! बहीण येरझाऱ्या घालत होती, ड्राफ्ट्समन नखं खात होता. दादाने मात्र कोपऱ्यातला नेटवर्कचा स्विच गाठला. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर या एका डबीला जोडलेले. डबीतून निघालेल्या एका वायरचं दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं.

"बघा! निघालीय बिचारी!" दादाने ते टोक उचललं, फुंकर मारली आणि त्याच डबीतल्या मोकळ्या भोकात खट्‌कन बसवलं. काय समाधान वाटलं त्याला!

"इंटरनेट गेलं!" बाहेरून ड्राफ्ट्समन किंचाळला.

दादा बाण सुटावा तसा फोनकडे धावला. "तुम्ही लोक झोपा काढता का?" त्याने इंटरनेट कंपनीला झाडलं. ते म्हणाले, आमच्याकडून सगळं ठीक आहे. दादा आणखी भडकला.

"पेनड्राइव्हवर घे रे!" बहीण ओरडली.

"कसं घेऊ ताई? नकाशे आतल्या सर्व्हरवर आहेत, आणि तिथे जायचा रस्ता या स्विचमधूनच!"

"मग स्विच बिघडला असेल. दादा, जरा बघ ना!"

दादाने वाकून पाहिलं. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. "छे! स्विच तर आज भलताच जोरात काम करतोय!"

बहिणीने डोक्याला हात लावला. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. ते पाहून दादाने धावत जाऊन खालच्या मजल्यावरच्या नेटवर्कवाल्याला अक्षरशः ओढत आणलं.

नेटवर्कवाल्याने दिवे पाहिले, एक वायर उपटली. सगळं सुरू!

"हिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये कुणी खुपसली?"

दादा छताकडे बघू लागला. नकाशे पाठवले जाईपर्यंत कुणी श्वासही घेतला नाही. पोचले! बहीण खुर्चीत कोसळली.

"स्विचला एरवी ठाऊक असतं, कुठल्या भोकाला कोण आहे," नेटवर्कवाला सांगू लागला. "ज्याचा निरोप त्यालाच देतो. पण काही निरोप सगळ्यांसाठी असतात. तसला निरोप या वायरीतून फिरून स्विचकडेच परत आला. त्याला वाटलं, नवीन बातमी! पुन्हा सगळ्यांना सांगितली. पुन्हा परत आली. आमच्या आत्याचं असंच होतं. या गोंधळात तुमच्या नकाशांना जागाच उरली नाही."

"पुन्हा असं होऊ नये म्हणून?" बहिणीने विचारलं.

"हा साधा स्विच आहे, जोडाल ते निमूट घेतो. मॅनेज्ड स्विच घ्या. नीट लावून दिला की असा उद्योग दिसताच तो ते भोकच बंद करतो. त्यातही एक प्रकार असा, की त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही देतो."

"तोच द्या. कॅमेऱ्यासकट!"

"कॅमेरा दाराशी लावू?"

"दाराशी कशाला? चोर काही वायरी जोडत नाहीत. दादाच्या खुर्चीसमोर लावा!"

दादाने निमूट मान खाली घातली. क्षणभरच.

"खुर्चीसमोर म्हणजे वायर पार तिकडून ओढावी लागणार," तो बाह्या सरसावत उठला. "थांबा, मी पटकन—"

"बस खाली!" तिघेही एकदम ओरडले.