गुर्रम बाईंचा तांत्रिक खंड

दर अकरा महिन्यांनी ज्याला एक दिवस ‘नसण्याचा’ लेखी आदेश मिळतो, असं माणूस तुम्ही कधी पाहिलं आहे का?

मी पाहिलं आहे. आमच्या सोलापुरात, एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात. त्यांचं नाव लक्ष्मी गुर्रम, हुद्दा लिपिक, कंत्राटी. आदेश अकरा महिन्यांचा. तो संपला की एक दिवस ‘तांत्रिक खंड’. ही सुट्टी नव्हे. त्या दिवशी त्या नोकरीतच नसतात. दुसऱ्या दिवशी नवा आदेश निघतो आणि त्या त्याच खुर्चीवर नव्याने रुजू होतात. सेवा सलग होऊ नये आणि उद्या कुणी ‘कायम करा’ म्हणू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. अशी चौदा वर्षं झाली.

कंत्राटावरची बाकीची माणसं खंडाच्या दिवशी घरी झोपतात किंवा लग्नकार्य उरकतात. गुर्रम बाई नेहमीच्या वेळी विभागात यायच्या, पण आत जायच्या नाहीत. दारासमोरच्या सिमेंटच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायच्या. कुणी हाक मारली तर उत्तर एकच, “आज मी न्हाई.”

पहिल्या वर्षाला असताना मला हे ठाऊक नव्हतं. बसच्या पाससाठी बोनाफाइड हवं होतं, म्हणून मी बाकापाशी गेले. बाई शांतपणे म्हणाल्या की त्या आज नाहीत. मी म्हटलं, बाई, तुम्ही तर समोर दिसताय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खुळी. मग आभाळाकडे बघत त्या म्हणाल्या, “असते तर सांगितलं असतं, की कोरे फॉर्म डाव्या कपाटात, वरच्या कप्प्यात हायत. असते तर म्हणले असते, सरांची सही आधी घे, शिक्का नंतर मार. पण मी न्हाई.”

त्या ‘असते तर’वर खंडाच्या दिवशी अख्खा विभाग चालायचा. परीक्षेचं वेळापत्रक, तालमीच्या खोलीची किल्ली, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या जेवणाचा निरोप, सगळं त्या बाकावरून सुटायचं. विभागप्रमुख सरसुद्धा खिडकीतून मान बाहेर काढून हवेला विचारल्यासारखं विचारायचे, की मागच्या सेमिस्टरची फाईल कुठं असेल बरं. बाई बाभळीच्या झाडाला सांगायच्या. अकरा महिन्यांच्या हिशेबामुळे खंड दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकायचा. एका वर्षी तो युवा महोत्सवाच्या तोंडावर आला, एका वर्षी ऐन परीक्षेत. त्या परीक्षेच्या दिवशी बाईंनी बाकावर बसून साठ उत्तरपत्रिकांना दोरे ओवले. विचारलं तर म्हणाल्या, “मी कुटं काय करायलेय? हात रिकामे हायत, ते चाललेत.”

गुर्रम म्हणजे तेलुगूत घोडा, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. आमची पोरं पाठीमागे टापांचा आवाज काढायची, तेव्हा त्या मागे न वळता म्हणायच्या की चाल चुकली, घोडा असा लंगडत नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं बालपण गेलं, त्यामुळे त्या मोठ्याने बोलायच्या आणि हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतो असं त्यांचं मत होतं. त्यांना ‘मॅडम’ म्हटलेलं चालायचं नाही. मॅडम पर्मनंट असतात, मला बाई म्हणा, असं त्या नव्या बॅचला पहिल्याच दिवशी बजावायच्या.

मराठीत टंकलेखन करणारं विभागात दुसरं कुणी नसल्यामुळे आमच्या नाटकांच्या संहिता त्याच टाईप करायच्या. चौदा वर्षं परिपत्रकं टाईप केलेली बोटं ती. नायिका नायकाला म्हणते, ‘राजा, तू मला फसवलंस,’ हे वाक्य छापून आलं तेव्हा ते असं होतं: ‘सदर राजाने माझी फसवणूक केली आहे.’ आमच्यातल्या एका भाबड्या मुलीने ते तसंच पाठ केलं आणि परीक्षेत डोळ्यांत पाणी आणून म्हटलं. परीक्षकांना तो नवा प्रयोग वाटला. त्यांनी तिला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. बाई म्हणाल्या, “शुद्ध लिवलं की फायदा हुतोयच.”

त्यांचा दुसरा हट्ट गेटपासचा. विभागाची टाचणी जरी बाहेर निघाली तरी पास हवा, आणि त्यावर ‘परतीचे’ की ‘विनापरतीचे’ ते लिहिलेलं हवं. एकदा महोत्सवासाठी आमचा टेम्पो फाटकावर अडला. पासवर लिहिलं होतं: खुर्ची, नग दोन, परतीच्या. तिरडी, नग एक, परतीची. प्रेत, नग एक, परतीचे. पहारेकरी उजनीच्या पाण्याकाठचा, देवभोळा माणूस. त्याने कापडाखालचे पाय बघितले आणि घाबरून बाईंना फोन लावला, की प्रेत परत कसं येणार. फोनमधून बाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “आलंच पायजे. आमच्याकडं तेवढं एकच हाय.” प्रेत चिंध्यांचं होतं. आपल्या भावाच्या कारखान्यातल्या जुन्या चादरी आणून त्यांनीच ते शिवलं होतं.

मी माढ्याची. माझे वडील पत्रकं छापायचे, त्यामुळे मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. अन्याय दिसला की आमच्या घरी आधी शाई शोधतात. दुसऱ्या वर्षी मी बाईंच्या खंडावर एक पत्रक लिहिलं. मथळा दिला, ‘खंड नव्हे, हा दंड!’ आणि पहिली प्रत मोठ्या अभिमानाने बाईंच्याच टेबलावर ठेवली. त्यांनी लाल पेन काढलं. ‘शोषण’मधला चुकलेला ष नीट केला, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि मथळ्यातलं उद्गारचिन्ह खोडलं. ओरडून काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग पत्रकावर आवक क्रमांक टाकला, ‘नस्ती करावे’ असा शेरा मारला आणि ते फाईलला लावून टाकलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं, कारण खंड एक दिवसाचा होता. या वर्षी तो संपलेला नाही.

अकरा महिने भरले, बाई बाकावर बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी आदेश आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून कळलं, की विभागात विद्यार्थी उरलेत सहा, तेव्हा लिपिकाचं काम आता एजन्सीचा माणूस येऊन करील. बाईंच्या चौदा वर्षांचं काय, असं सरांनी विचारलं. उत्तर मिळालं, की चौदा वर्षं कुठली, प्रत्येक नेमणूक वेगळी होती, मधे खंड आहेत. आज एकोणीस दिवस झाले. बाई रोज येतात, बाकावर बसतात, डबा खाऊन घरी जातात. घरी कोण असतं, असं मी पूर्वी एकदा विचारलं होतं. “मी असते की,” म्हणाल्या होत्या.

सरांकडून बाईंच्या आदेशांच्या प्रती घेऊन मी कर्मचाऱ्यांची प्रकरणं बघणाऱ्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी सगळे आदेश वाचले आणि एकच वाट सांगितली. खंडाच्या दिवशीही बाईंनी विभागाचं काम केलं, हे कागदावर दाखवता आलं, तर तो खंड खोटा ठरतो आणि सेवा सलग धरता येते. असे पंधरा दिवस आहेत. निम्म्या दिवसांचे पुरावे आणा, म्हणाले, मी लढतो.

मी धावतच बाकापाशी आले आणि बाईंना म्हटलं की फक्त एक अर्ज लिहून द्या, त्या दिवशी मी काम करत होते म्हणून. बाईंनी मान हलवली.

“त्या दिवशी मी न्हवते, पोरी. मस्टरवर माझी सही न्हाई. खोटं कसं लिवू?”

मी चिडले. नको ते बोलले. तुमच्या या नियमांनीच तुम्हाला खाल्लं, असं म्हणाले. एरवी अख्ख्या आवारात घुमणारा आवाज, त्या दिवशी मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालात. त्या म्हणत होत्या, ऊन झालंय, सावलीत ये.

मग मला आठवलं की एक पुरावा माझ्याच घरी आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, दिवे बांधताना मी शिडीवरून पडले होते. उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दुपारची वेळ होती, सर परगावी तोंडी परीक्षा घ्यायला गेलेले, आणि तो दिवस नेमका खंडाचा. मुलांनी मला बाहेर आणलं तेव्हा बाकावरून बाई उठल्या. ‘असते तर’ वगैरे काही म्हणाल्या नाहीत. रिक्षात माझा पाय मांडीवर धरून दवाखान्यापर्यंत आल्या. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर त्यांनीच सही केली. आईबाबा माढ्याहून पोचेपर्यंत माझ्या उशाशी त्याच होत्या. दवाखान्याची ती फाईल आईने जपून ठेवली होती. विद्यार्थ्याला दवाखान्यात नेणं हे विभागाचंच काम, खाली बाईंची सही, वर तारीख. याहून पक्कं काय हवं?

मी माढ्याला जाऊन फाईल आणली आणि न उघडताच वकिलांपुढे ठेवली. त्यांनी संमतीपत्र वाचलं, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला. सही बाईंचीच, त्या ठसठशीत अक्षरात. शेजारी छापलेलं होतं, ‘रुग्णाशी नाते’. आणि पुढे लिहिलं होतं: मावशी.

“हे घरचं झालं,” वकील म्हणाले. “नोकरीचं नाही. हा कागद आपण दाखवला तर उलट विद्यापीठाचाच फायदा.”

ज्या बाईने चिंध्यांच्या प्रेतालासुद्धा नग म्हटलं, सदर राजाला सदर म्हटलं, तिने आयुष्यात एकदा कागदावर खोटं लिहिलं, आणि तेही नेमकं इथे. मी संध्याकाळी फाईल घेऊन बाकावर त्यांच्या शेजारी बसले. त्या डबा पिशवीत भरत होत्या. मी विचारलं की लिपिक का नाही लिहिलं. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. बराच वेळ वाचत होत्या. एकच शब्द होता.

“लिपिक लिवलं असतं तर डॉक्टर म्हणला असता, घरचं माणूस बोलवा. तू वरडत हुतीस गं. कुणाची वाट बघायची?” मग कागदाची घडी जुन्या मोडीवरच नीट घालत म्हणाल्या, “आन् त्या दिवशी मी मोकळी हुते की. बाकीचे अकरा महिने मला कुणाचं काय हुता येतंय?”

त्यांनी फाईल माझ्या हातात दिली आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

हे सगळं मी लिहिते आहे ते बाईंना न विचारता. विचारलं असतं तर त्यांनी आधी शुद्धलेखन तपासलं असतं आणि मग ते फाईलला लावलं असतं. त्यांच्यासाठी दया नको आहे, सत्कार तर नकोच. कागद हवे आहेत.

या चौदा वर्षांत तुम्ही या विभागात शिकला असाल, नाटक घेऊन आला असाल, परीक्षक म्हणून इथे जेवला असाल, तर घरातली जुनी ट्रंक, माळा, फायलींचा गठ्ठा एकदा उलटापालटा करा. खंडाच्या पंधराही तारखा मी कागदावर काढून विभागाच्या फलकाला लावल्या आहेत. त्यांतल्या एखाद्या दिवशी बाईंनी तुमचा फॉर्म भरला असेल, किल्ली दिली असेल, पत्ता सांगितला असेल, ताप आला म्हणून बसस्टँडवर सोडलं असेल, तर तेवढंच दोन ओळींत लिहा, तारीख घाला, सही करा आणि विभागात आणून द्या. आम्हा सहा जणांपैकी कुणीतरी दिवसभर तिथे असतं.

फक्त एक विनंती. लिहिताना ‘बाई माझ्या कोण’ हे सांगणारी ओळ येईल. तिथे हात थांबेल, आणि दुसरंच काही लिहावंसं वाटेल. तेवढं कृपा करून आवरा. तिथे ‘लिपिक’ लिहा.