सरकारला कळवायला हवं

आमच्या घरमालकांना, म्हणजे राघुअण्णांना, एखादी गोष्ट मनापासून आवडली की ते तक्रार करायला निघाल्यासारखा चेहरा करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "हे सरकारला कळवायला हवं."

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या रस्त्याच्या टोकावरच्या हॉटेलात. तिथला आचारी एका तव्यावर बारा डोसे घालतो आणि बाराही सारखे गोल येतात. अण्णांनी पहिला घास घेतला, चष्मा वर गेला, आणि ते थेट तव्यापाशी जाऊन उभे राहिले. खिशातून वही निघाली. "पूर्ण नाव? वडिलांचं नाव? जन्मतारीख? पुरावा आहे?" त्या बिचाऱ्याला वाटलं आरोग्य खात्याची धाड पडली. तो उलथणं टाकून मालकाला बोलवायला धावला. हा गृहस्थ आपल्याला पद्मश्री मिळवून द्यायच्या खटपटीत आहे हे त्याला समजेपर्यंत बाराही डोसे करपले होते.

पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो. हे आपण कुठंतरी वाचतो, छान म्हणतो आणि भाजी आणायला जातो. अण्णांनी ते वाचलं आणि तेव्हापासून ते दुसऱ्या कशाला गेलेच नाहीत. "अक्का, सरकारला माहीतच नाही तर सरकार काय करणार? सांगायला नको का कोणी?" हा त्यांचा प्रश्न. मी त्यांच्या निम्म्या वयाची, पण बंगळुरूत पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या मराठी माणसासाठी प्रत्येक बाई अक्का असते. मी सांगलीची. कोरमंगलाच्या ऑफिसात कामाला आणि जे. पी. नगरात अण्णांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला, याला आता सात वर्षं होतील. भाडेकरारात लिहिलेलं नव्हतं, पण अण्णांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरून देणं हे भाडेकरूचं काम आहे असं त्यांनी गृहीत धरलं आणि मीही कधी नाही म्हटलं नाही.

अण्णा एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. माल बारकाईने बघायचा आणि केसभर चूक असली तरी परत पाठवायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. "चौतीस वर्षं नुसतं नापास केलं, अक्का. आता स्वल्प लोकांना पास करतो," असं ते कानडी मिसळून म्हणतात; स्वल्प म्हणजे थोडं. पण सवय कुठं जाते? ज्याला पास करायचं त्याचीही तपासणी होतेच. देवळाबाहेर गजरे ओवणाऱ्या गौरम्माला त्यांनी लहानपणापासूनचे फोटो मागितले. पेटीचे सूर लावणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं, तुम्ही सूर लावलेत याचा लेखी पुरावा काय? ते गृहस्थ सहा महिने अण्णांशी बोलत नव्हते. सनईसारखा नादस्वर वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी तर सगळी माहिती दिली आणि शेवटी हात जोडून सांगितलं, "नाव पाठवू नका. दिल्लीला थंडी फार असते." अण्णांनी तेही टिपून घेतलं, आणि अर्ज पाठवलाच.

अर्जात त्या माणसाचं काम आठशे शब्दांत सांगायचं असतं. या आठशे शब्दांशी अण्णांचं उभं वैर आहे. ते मराठीत सांगणार, मधे कानडीत शिरणार, मी इंग्रजीत उतरवणार, आणि शेवटी आकडा निघणार साडेतीन हजार. मग कापाकापी. माणसाच्या आयुष्यातलं काय वगळायचं यावरून आमची भांडणं होतात. एकदा मी गौरम्माच्या हसण्याबद्दलचं वाक्य काढलं, तर अण्णा जेवले नाहीत. मी काय माझ्या बायको-मुलीचं कौतुक सांगतोय, गौरम्माचं सांगतोय, असं काहीतरी ते पुटपुटले. त्यांच्या पत्नीला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि मुलगी कॅनडात होती. मी ते वाक्य परत घातलं.

पण गेली चार वर्षं अण्णांच्या सगळ्या अर्जांमध्ये पहिला अर्ज एकाच माणसाचा असायचा. यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे एका पत्र्याच्या शेडमध्ये वेंकटप्पा राहतात. वय ऐंशीच्या पुढं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. राजवाडा, अरण्य, बाग, तुरुंग, रस्ता असे भिंतीएवढे पडदे. कंपन्या बसल्या, पडदे गुंडाळून शेडमध्ये आले. आता शाळांच्या स्नेहसंमेलनाला एखादा पडदा जातो, तेवढंच. पण अरण्याच्या पडद्यात झाडामागं एक हरीण आहे, ते फक्त उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीवरून दिसतं. का? तर तिथलं तिकीट सगळ्यात स्वस्त, म्हणून त्या माणसासाठी काढलेलं. हे कळलं त्या दिवशी अण्णांचा चष्मा कपाळावर गेला तो घरी येईपर्यंत खाली आला नाही.

त्यानंतर दर शनिवारी अण्णा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हिरवी फाईल काखेत मारून मेट्रोने यशवंतपूरला जायचे. "माहिती राहिली आहे," म्हणायचे. चार वर्षं दर शनिवारी कसली माहिती राहते, हे मी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतरच्या एका शनिवारी मीही बरोबर होते. फोटो काढायचे होते. आम्ही पडदे उलगडत असताना दारात पोलीस उभा राहिला. हातात वही. "वेंकटप्पांचं घर हेच? चौकशी आहे," एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण अण्णांनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं होतं. "बसा, स्वल्प बसा. मला माहीत होतं तुम्ही येणार." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "यादी लागायच्या आधी पोलिसांची चौकशी होते, अक्का. आलं आपलं."

पोलिसाने विचारलं, "इथं किती वर्षं राहता?" अण्णांनी वेंकटप्पांच्या जन्मापासून सुरुवात केली. पोलीस म्हणाला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतील. अण्णांनी फाईलमधून बावीस जणांची पत्रं काढून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याला राजवाडा दाखवला, तुरुंग दाखवला, आणि हरीण दिसावं म्हणून खुर्चीसकट उजवीकडं सरकवला. कॉफी दोनदा झाली. माणूस भला असावा. दोन तासांनी तो उठला तेव्हा त्याचे डोळे जरा वेगळे दिसत होते. दाराबाहेर तो वेंकटप्पांशी मिनिटभर काहीतरी बोलला, एका कागदावर त्यांची सही घेतली आणि गेला. वेंकटप्पा आत येऊन निमूट पडदे गुंडाळायला लागले.

"झालं. सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, "आता मी तुम्हाला शब्द देतो. येत्या सव्वीस जानेवारीला तुमचं नाव पेपरात असेल."

चौतीस वर्षांत त्यांनी तपासल्याशिवाय काही पास केलं नव्हतं. एवढं एकच केलं.

मग तालमी सुरू झाल्या. राष्ट्रपतींसमोर कसं चालायचं, कुठं थांबायचं, नमस्कार आधी की पदक आधी. राजवाड्याचा पडदा मागं सोडलेला. राष्ट्रपती मी. पदक म्हणून डब्याचं झाकण. वेंकटप्पा काठी टेकत यायचे, नमस्कार करायचे, मी झाकण त्यांच्या हातात द्यायची. अण्णा बाजूला उभे राहून ओरडायचे, "सावकाश. टीव्हीवर दिसायला हवं." वेंकटप्पांची नात रेखा नर्स आहे, ती एकदा ड्यूटीवरून घरी आली आणि दारातच थबकली. वेंकटप्पांनी तिच्याकडं बघून फक्त ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, तालमीत व्यत्यय नको म्हणून.

पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी अण्णांच्या हॉलमध्ये दरवर्षी शेजारीपाजारी जमतात. म्हैसूरपाक असतो. यादी येते, अण्णा मोठ्याने वाचतात, आपलं कोणी नसतं, मग अण्णा "पुढच्या वर्षी" म्हणतात आणि सगळे म्हैसूरपाक खातात. यंदा म्हैसूरपाक दुप्पट होता. यादी आली. अण्णांनी वाचली. मग मनात वाचली. मग चष्मा पुसून शेवटापासून वर वाचत गेले. शेजारी एकेक करून उठले. म्हैसूरपाक कोणी उचलला नाही.

"माझं काही नाही, अक्का," अण्णा म्हणाले, "मला सवय आहे. पण मी त्या माणसाला शब्द दिला. त्याने काही मागितलं नव्हतं. मीच जाऊन त्याला आशा लावली. आता त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं उभा राहू?" त्यांचा आवाज मी एवढा लहान झालेला कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी म्हैसूरपाक डब्यात भरत बसले.

सकाळी त्यांनीच माझं दार वाजवलं. मेट्रोत सगळ्यांच्या छातीवर छोटे झेंडे होते. अण्णा पूर्ण प्रवासभर पुटपुटत होते. "वेंकटप्पा, सरकार विचार करतंय" असं एकदा, "वेंकटप्पा, माफ करा" असं एकदा. कुठलंच वाक्य त्यांच्या तपासणीत पास होत नव्हतं.

वेंकटप्पा शेडच्या बाहेर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची मांडलेली. अण्णा खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

"टीव्हीवर बघितलं," वेंकटप्पा म्हणाले. सात वर्षांत माझी कानडी ऐकून समजण्यापुरती झाली आहे, त्यामुळे मला सगळं कळत होतं. "बसा आधी. तो पोलीस पासपोर्टसाठी आला होता. रेखाच्या. तिला परदेशात नोकरी लागली आहे."

अण्णा बसले. म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"दारात त्यानं सांगितलं ना. त्यालाही वाईट वाटत होतं."

"मग मला का नाही सांगितलं? तीन महिने तुम्ही ते झाकण घेत होता."

वेंकटप्पा काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा मारत राहिले. "साठ वर्षं पडदे रंगवले. लोक पडद्याच्या पुढं काय चाललंय ते बघतात. बघायलाच हवं, त्याचंच तिकीट असतं. पण त्या दिवशी तुम्ही त्या पोलिसाला दोन तास पडदाच दाखवलात. मी ऐकत होतो. असं माझ्याबद्दल कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मधेच कसं थांबवू?" मग ते म्हणाले, "आणि खरं सांगू? मिळालं असतं तर तुमचं काम संपलं असतं. रेखा जाणार. मग शनिवारी कोण येणार?"

अण्णांनी फाईल या हातातून त्या हातात घेतली.

"आत या. एक दाखवायचं आहे."

आत रस्त्याचा पडदा सोडलेला होता. जुनाच. दोन बाजूंना घरं, मधे दिव्याचा खांब, टोकाला देऊळ. मी तो दहा वेळा पाहिला होता. पण डावीकडच्या दुसऱ्या घराच्या कट्ट्यावर आता दोन माणसं बसलेली होती. रंग अजून ताजा होता. एकाच्या हातात काठी. दुसऱ्याचा चष्मा कपाळावर, मांडीवर फाईल, आणि तो पहिल्याचं काहीतरी मन लावून ऐकत होता.

अण्णा जवळ गेले. चष्मा कपाळावर चढवून, सवयीप्रमाणे वाकून, नाक लागेल इतक्या जवळून, वरपासून खालपर्यंत तपासणी केली. मग म्हणाले, "फाईल हिरवी आहे. तुम्ही निळी काढलीत."

"हिरवा संपला होता."

"असू दे," अण्णा म्हणाले. "पास."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मला म्हणाले, "अक्का, याचा एक फोटो काढा. नीट, सरळ."

मी फोटो काढला. चार वर्षांच्या सवयीने विचारलं, "पुढच्या वर्षीच्या अर्जाला जोडू ना?"

"नको," राघुअण्णा म्हणाले. "हे सरकारला कळवायचं नाही. हा मला घरी लावायचा आहे."