अडचणीसकट शाळेत या

ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी फोनवर रेवाने सांगितलं, की तिच्या शाळेत एक स्वतंत्र सर नेमले आहेत. वर्षभरात काही अडलं तर मुलांनी त्यांच्याकडे जायचं. पुढे हायस्कूलला जाताना भीती वाटू नये, म्हणूनही त्यांच्याकडेच जायचं. त्यांच्या खोलीत मऊ उशा आहेत आणि भेटायचं तर आधी वेळ ठरवावी लागते. "आजी, तुमच्याकडे असं कुणी असतं का?" असं तिने विचारलं आणि मी इतकी हसले, की रेवा रुसली. हसण्याचं कारण फोनवर सांगून संपलं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. आमच्याकडे तसे एक गृहस्थ होते. फक्त त्यांच्या खोलीत उशा नव्हत्या. शेळ्या होत्या.

लिंबराज गुरुजी आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वरचे वर्ग शिकवत. आपलं गाव मराठवाड्यातल्या वाशीपासून आत, माळाच्या कडेला. शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी माळ ओलांडून शेजारच्या गावच्या हायस्कूलला जावं लागतं आणि बरीच मुलं, विशेषतः मुली, त्या माळाच्या अलीकडेच थांबत. मूल शाळेत न यायला घरोघरी काहीतरी कारण असतंच. कुणीही ते कारण ऐकून हळहळलं असतं. गुरुजी ते कारणच उचलून शाळेत आणत.

रोज सकाळी शाळा भरण्याआधी ते गावातून फेरी मारत. उंच, किडकिडीत माणूस. पायजम्याला सायकलच्या क्लिपा लावलेल्या, पण सायकल नाही. ती कधीच मोडीत गेली होती. क्लिपा अजून चांगल्या आहेत म्हणून लावत. ज्या घरचं मूल आदल्या दिवशी आलेलं नसे, त्या दारासमोर उभे राहून ते खणखणीत आवाजात विचारत, "काय नडतंय?"

"गुरुजी, लेकरू सांभाळायचंय. माय खुरपायला गेली."

"मग लेकराला घिऊन ये."

लेकरू येई. जुन्या लुगड्याची झोळी खिडकीच्या गजाला बांधली जाई आणि तिची दोरी गुरुजींच्या पायाच्या अंगठ्याला. मग ते खुर्चीवर बसून इतिहास शिकवत. बाळ रडायला लागलं की लढाई वेगात चाले. बाळ झोपलं की तह.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका मुलीच्या घरी कुरडया वाळत घातलेल्या असत आणि कावळे राखायला तिला घरी बसावं लागे. "शाळंच्या स्लॅबवर वाळवा," गुरुजींनी सांगितलं. कावळे आले नाहीत हे खरं, पण भूगोलाचा तास संपेपर्यंत कुरडयाही उरल्या नाहीत. तिची आई भांडायला आली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "पोरगी आली का न्हाय शाळंत? मग. कुरडया काय, पुढल्या साली बी व्हतील."

दिलीप नावाचा एक मुलगा पाचवीत होता. त्याची आजी सोनाबाई. तिला नीट दिसत नसे आणि घरात एकटी सोडली की ती शेताच्या वाटेला लागे. तिच्यावर लक्ष ठेवायला दिलीप घरी. गुरुजींनी आजीलाही आणलं. फळ्याशेजारी खुर्ची टाकून बसवलं. पहिले दोन दिवस ती पेंगली. तिसऱ्या दिवसापासून उत्तरं द्यायला लागली.

मीही याच वाटेने शाळेत गेले. एके सकाळी गुरुजी आपल्या दारात उभे राहिले. "वैनी, तुमचं इंग्रजी घरात बसून गंजायलंय. पोरांना नड हाय." मी होकार दिला, पण एक अट घातली. मी शिकवत असताना वर्गात जनावर दिसता कामा नये. "न्हाय दिसणार," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तर माझी खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली होती.

शेळ्या मंगलच्या. तिचा बाप म्हाळू मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ बाहेरगावी चारणीला असे. आई रोजंदारीवर. घरच्या शेळ्या मंगलच्या गळ्यात. पाचवीत तिचं नाव होतं आणि ती माळावर होती. गुरुजींनी माळावर जाऊन आपला ठरलेला प्रश्न विचारला आणि दुसऱ्या दिवशी मंगल शेळ्या हाकत शाळेच्या फाटकातून आत आली. कडुलिंबाच्या झाडाखाली शेळ्या, खिडकीशी मंगल. तिचा एक डोळा फळ्यावर, एक शेळ्यांवर, आणि दोन्हीकडचं तिचं काही चुकत नसे. गुणाकार सांगता सांगता ती खिडकीतून ओरडे, "हिर्रर्र! मागं सर, काळे!" आणि पुन्हा हातचा न विसरता पुढे सांगे.

त्या काळीने एकदा भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाल्ला. सगळा नाही, डावीकडची कड. मी संतापले. गुरुजींनी चष्मा लावून नकाशा न्याहाळला आणि म्हणाले, "कोकण गेलं. ऱ्हाऊ द्या, आपल्याला कोकण तसंबी लांबच हाय. मराठवाडा शाबूत हाय."

एकदा तालुक्याहून साहेब तपासणीला आले. दारात शेळ्या, गजाला झोळी, फळ्याशेजारी सोनाबाई. ते उंबऱ्यातच थबकले.

"गुरुजी, ही शाळा आहे का काय आहे?"

"शाळाच हाय साहेब. पट बघा. एक बी गैरहजर न्हाय."

साहेबांनी पट पाहिला, मुलं मोजली, पुन्हा पट पाहिला. मग जरा नरमून त्यांनी वर्गाला विचारलं, "भारताची राजधानी कोणती?"

"दिल्ली," सोनाबाई सर्वांच्या आधी म्हणाली. "पर मुख्य तुळजापूर."

"आजी, तुम्ही कितवीत आहात?"

"पाचवीत. नातू पास झाला तर औंदा सहावीत जाईन. न्हाईतर हाय त्याच्यासंगं आनि एक साल."

साहेब हसले आणि चहाला थांबले. दूध कुठलं हे त्यांनी विचारलं नाही. ते दूध देणारी खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होती.

अशी तीन वर्षं गेली आणि मंगल सातवी पास झाली. त्याच उन्हाळ्यात गुरुजी सेवानिवृत्त होणार होते. त्यांच्या पत्नी जाऊन बरेच दिवस झाले होते. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने त्यांच्यासाठी एक खोली रंगवून तयार ठेवली होती. जाण्याआधी एकच काम उरलं होतं. सातवीचं एकेक मूल हायस्कूलला लागलं की नाही हे बघायचं. सगळी लागली. मंगल तेवढी राहिली.

म्हाळू मेंढरं घेऊन परत आल्याचं कळताच गुरुजी मला घेऊन त्याच्या वस्तीवर गेले. "वैनी, तुमी नुसतं मान हलवा. शिकल्याली बाई मान हलविती म्हटल्यावर वजन पडतंय."

म्हाळूने घोंगडं अंथरलं. गुरुजींनी विचारलं, "म्हाळू, काय नडतंय?"

"कुटं काय? सातवी झाली, लई झालं. तिची माय तर शाळंच्या सावलीला बी गेली न्हाय."

"पोरगी हुशार हाय."

"म्हणून तर शेरडं तिच्या जिवावर टाकून जातो, गुरुजी. ती गेली हायस्कूलात, तर शेरडं राखंल कोण? इकावी म्हणता? अडीनडीला तीच कामाला येत्यात. पोरीच्या लग्नाला बी तीच येतील."

मी मान हलवायची की नाही हे मला कळेना. आत मंगल भाकरी थापत होती. तो आवाज थांबला होता. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं आणि 'मग घिऊन ये' हे पुढचे शब्द मला पाठ होते. पण ते आलेच नाहीत. आठवीची शाळा त्यांची नव्हती.

तरी माणूस हटला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही हायस्कूलच्या मुख्याध्यापकांसमोर बसलो होतो. ते तरुण, इस्त्रीच्या शर्टातले, अतिशय सभ्य गृहस्थ.

"साहेब, तुमच्या आवारात लिंबं मोठाली हायती," गुरुजींनी सुरुवात केली.

"हो, आम्ही वृक्षारोपण केलं होतं."

"सावली चांगली पडत आसंल."

"पडते ना."

"तिथं चार शेरडं बांधली तर?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वजनदार मान हलवली.

"गुरुजी, हे हायस्कूल आहे," ते म्हणाले.

"व्हय. पर शेरडं गरीब हायती."

शेळ्यांना हायस्कूलात प्रवेश मिळाला नाही.  परतताना गुरुजी माळावर एका दगडावर बसले, पायजम्याच्या क्लिपा काढल्या, पुन्हा लावल्या आणि उठले.

मग निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. सोनाबाईनेही भाषण केलं आणि ती सर्वांत जास्त बोलली. चार दिवसांनी मुलगा गाडी घेऊन आला. ट्रंक, वळकटी, देवांची पेटी गाडीत गेली. गुरुजी मात्र सापडेनात. मुलगा शोधत आपल्याकडे आला. "काकू, अप्पा इकडं आलेत का?" मला शंका आली आणि आम्ही दोघं म्हाळूच्या वस्तीवर गेलो.

तिथे म्हाळू हात जोडून उभा होता. "न्हाय गुरुजी, ह्ये नगं. तुमी शेरडं राखनार? लोक माझ्या तोंडात शेण घालत्याल!"

"कामून? म्या काय फुकट राखायलोय व्हय? चहापुरतं दूध घीन."

"अवो, तुमी गुरुजी हाव!"

"हुतो. परवाच सोडलं. आता रिकामा हाय. दे दावं."

"अप्पा!" मुलाचा आवाज चिरकला. "गाडी उभी आहे. सगळं सामान भरलंय. लोक काय म्हणतील?"

"सामान काढ बाळा. ट्रंक जड हाय, म्हाळू हात लावंल."

म्हाळू बराच वेळ मातीत पायाच्या अंगठ्याने रेघा ओढत राहिला. शेवटी म्हणाला, "दहावीपातूर. त्याच्या म्होरं म्या शबूद देत न्हाय." मंगल दारात उभी होती.  तिने आत जाऊन दावी आणली आणि गुरुजींच्या हातात दिली. मग एकेका शेळीचं नाव आणि खोड सांगायला लागली. गुरुजी शहाण्या विद्यार्थ्यासारखे "बरं, बरं" म्हणत होते.

हायस्कूल सुरू झालं त्या दिवशी सातवी पास झालेली सगळी मुलं माळावरून निघाली. पुढे मंगल नव्या दप्तरासकट, मागे गुरुजी शेळ्यांसकट. असे ते थेट हायस्कूलच्या फाटकापर्यंत गेले. मुख्याध्यापक धावत बाहेर आले.

"गुरुजी, मी नाही म्हणालो होतो!"

"आत आणत न्हाय, साहेब. आमी फकस्त पोचवायला आलो."

मग फाटकाबाहेर उभं राहून, लेकीला सासरी घालवताना आई सांगते तशा हळू आवाजात, ते एकेका मुलाचं सांगू लागले. "ह्याला सकाळच्या पारी रागावू नका, म्हसरांच्या धारा काढून आल्याला आसतो. ह्या पोरीला मागं दिसत न्हाय, पर सांगायची न्हाय ती. म्होरं बसवा. आनि ही मंगल. ही खिडकीतनं बाहेर बघंल. बगू द्या. ध्यान फळ्याकडंच आसतंय." मुख्याध्यापक आधी घड्याळ बघत होते. नंतर त्यांनी घड्याळ बघायचं सोडलं.

पावसाळा सरत आला तेव्हा मी एकदा मुद्दाम माळावर गेले. मला गुरुजींना चार शब्द सुनावायचे होते. त्यांचा मुलगा आपल्याकडे फोन करून रडला होता. गुरुजी छत्री टेकून उभे होते आणि काळी त्यांच्या छत्रीचा दांडा चघळत होती.

"गुरुजी, पुरे झालं. मंगलचं कौतुक आहे, पण पोटच्या मुलाचं काय? किती प्रेमाने बोलावतो तो."

"वैनी, त्येचं घर लई चांगलं हाय. गेल्या दिवाळीला सुट्टीभर राह्यलो. सून सोन्यासारकी. काय बी करायला गेलं की म्हणायची, अप्पा, तुमी नुसतं बसा." त्यांनी काळीच्या तोंडातून दांडा सोडवला. "बसलो. बसून बसून एक दिवस लिफ्टमधी गेलो. खाली आलो, वर गेलो. पुन्ना खाली आलो. दुपारपातूर तेच."

"कशासाठी?"

"दार उघडतंय ना ते," गुरुजी म्हणाले, "कुनी भेटंल म्हणून."

मी सुनावायला आणलेलं तसंच परत घेऊन घरी आले. 

तर रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. मंगल यंदा दहावीत आहे. म्हाळूने दिलेला शब्द तिथेच संपतो, पुढचं अजून कुणाला माहीत नाही. तिच्या वस्तीवरून आणखी दोघी आठवीला जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या घरच्या शेळ्याही आता माळावर असतात. मुलगा महिन्यातून एकदा पुण्याहून येतो आणि दिवसभर बापाबरोबर माळावर बसतो. सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर येते, तेव्हा मुली पुढे गेलेल्या असतात आणि गुरुजी त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावरून चाललेले दिसतात.