कदमभाऊंचा पाद्र्याशी अबोला

कुवेतमधल्या सालमिया भागातले आमचे शेजारी कदमभाऊ एका पाद्र्याशी बोलत नसत. पाद्री स्कॉटलंडचा, आणि त्याला मरून दीडशेक वर्षं झालेली. तरी अबोला कायम.

कदमभाऊ मूळचे साताऱ्याकडचे, एकटेच राहत. एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. तिथल्या मेट्रन मॅकरेबाई स्कॉटलंडमधल्या ग्लेनफारा नावाच्या पॅरिशमधल्या. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या चार-दोन वाड्या, हे ज्ञानही मला कदमभाऊंनीच दिलं. बाईंनी हौसेनं त्यांना गावचा इतिहास वाचायला दिला आणि आमच्या शुक्रवारच्या चहात ग्लेनफारा घुसलं ते घुसलंच. सप्टेंबरात बाहेर डांबर वितळत असायचं आणि हे खुशाल म्हणायचे, "वहिनी, आमच्याकडं आता बटाटे निघाले असतील." कोणता गिरणीवाला पिठाच्या मापात मारायचा, चर्चमधल्या बाकावरून कोणत्या दोन घरांचं वैर, सगळं सोयऱ्याधायऱ्यांचं सांगावं तसं सांगत. एकदा तर मॅकरेबाईंनाच म्हणाले, "तुमची आजी चुकली. ओढ्यावरचा पूल नंतरचा." बाईंनी निमूट मान्य केलं!

ग्लेनफाराच्या त्या पाद्र्याचा विषय निघाला की मात्र तोंड फिरवत. जमीनदारानं मेंढ्यांच्या कुरणासाठी कुळांची घरं मोडली, तेव्हा हा महापुरुष म्हणाला होता, देवाची इच्छा. "त्याचं नाव काढू नका," कदमभाऊ म्हणत. मला भारी कुतूहल. ना नात्याचा ना गोत्याचा, यांचं काय घोडं मारलं होतं त्यानं?

पुढे बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी कदमभाऊंना गावी यायची गळच घातली. मुदीरनं, म्हणजे त्यांच्या साहेबानं, रजा दिली. मी आमच्या ह्यांचा स्वेटर काढून ठेवला. आणि निघायच्या आठवड्यात कदमभाऊंनी तिकीटच रद्द केलं.

"अहो, वेडबिड लागलंय का?" मी चिडलेच.

 ते म्हणाले, "वहिनी, आमचं गाव धरणात गेलं. भांडीकुंडी ट्रकात भरली आणि एकेक घर एकेका दिशेला. कुणाचं दार कुणासमोर होतं, हे आता सांगायचं म्हटलं तरी ऐकणारं कुणी नाही."

 तरी मी म्हटलं, "मग हे गाव तरी डोळ्यांनी बघून या की."

"आणि तिथंही काही उरलं नसलं तर? नको वहिनी. मी जात नाही, तोवर ते जागच्या जागी आहे."